पायाळूच्या हातची सळई

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. आमच्या भागात अशा माणसाविषयी दोन गोष्टी पक्क्या ठरलेल्या असतात. एक, त्याला जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं. दुसरी, वीज त्याला शोधत येते. धन मला आजवर दिसलेलं नाही, याची ग्वाही माझी बायको कुठेही द्यायला तयार आहे. विजेचं मात्र निराळं. तिनं मला शोधलं की मी तिला, हे ठरवणं कठीण आहे. कारण थोरले महाराज गादीवर होते त्या काळात, दरबारच्या कारखान्यात माझं काम एकच होतं: इमारतींवर विजेच्या सळया बसवायच्या.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘चार घटका करमणूक होईल असं काही’ मागितलं आहे. विजेच्या बाबतीत करमणूक हा शब्द मला जड जातो. मी आता म्हातारा झालो, पण वळवाचं आभाळ भरून आलं की हातातलं काम टाकून दारात जाऊन उभा राहतो. दर्ग्याच्या पायरीवर पाऊल ठेवताना माणूस आपसूक डोक्यावरची टोपी सारखी करतो, तसा माझा हात आजही टोपीकडे जातो.

आमचं घराणं कोल्हापुरातल्या कल्हईवाल्यांचं. वडील भात्यासमोर बसून उभ्या पेठेची भांडी उजळायचे. तांबं मला दुधाबरोबर पाजलं गेलं म्हणा ना. पायाळू म्हटल्यावर शेजारच्या बायकांनी आईला उपदेश केला, की आभाळ गरजायला लागलं की पोराला परसात नेऊन बसवत जा, उगाच घरादारावर संकट नको. आईनं सगळं ऐकून घेतलं. आणि आभाळ गरजलं की ती मला मांडीवर घ्यायची, वरून पदर ओढायची आणि म्हणायची, “पडली तर दोघांवर पडंल.” मी मिसरूड फुटलेला झालो तरी वळवाच्या दिवशी ती माझा हात धरून बसायची. असा पोरगा मोठेपणी विजेच्या सळया लावायला लागला, तेव्हा तिनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आता हे काम काय असतं ते सांगतो. इमारतीच्या सगळ्यात उंच जागेच्याही वर तांब्याची टोकदार सळई उभी करायची. तिला तांब्याची पट्टी जोडून ती भिंतीवरून सरळ खाली आणायची, कुठं वाकडंतिकडं वळण द्यायचं नाही. खाली जमिनीत ओलावा लागेपर्यंत खड्डा घ्यायचा, त्यात तांब्याचा पत्रा पुरायचा, भोवती कोळसा भरायचा आणि पट्टी त्या पत्र्याला पक्की करायची. एवढंच. बघणाऱ्याला वाटतं, वरची सळई महत्त्वाची. खरं काम खालच्या खड्ड्यात असतं.

आमच्या कामावरचे देसाई ओव्हरसियर मोठे हौशी. शिकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांनी मला वीज समजावली ती गुऱ्हाळावर उभं करून. “काहिलीत बघ,” म्हणाले. रस मधून उसळी मारून वर येत होता आणि कडेनं खाली जात होता. “वैशाखात आभाळात हेच चालतं. खाली जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, हलकी होऊन वर जाते. त्यात कोकणातून दमट वारा घाट चढून आलेला असतो. तो या उसळीत सापडला की वर वर जातो, गार होतो, त्याचा ढग बनतो. ढग एवढा चढतो, की भर उन्हाळ्यात त्याच्या माथ्यावर बर्फ असतं.”

ते बर्फाचे कण आणि गारा ढगात वरखाली होतात, एकमेकांवर आपटतात, घासतात, आणि त्यातून वीज साठत जाते. ढगाच्या माथ्यावर एका जातीची, पोटात दुसऱ्या जातीची. पोटातली वीज खालच्या जमिनीतून आपल्या उलट जातीची वीज ओढून घेते. ती जमिनीतली वीज जिथं उंच टोक मिळेल तिथं गोळा होते: झाडाचा शेंडा, देवळाचा कळस, मोकळ्या माळावर उभ्या माणसाचं डोकं. दोघींची ओढ हवेला सोसेनाशी झाली की हवाच फाटते. ती फट आपल्याला दिसते, आणि फटीतली हवा क्षणात तापून भडकन फुगते, तो आवाज आपल्याला ऐकू येतो. “विजेला अडवणारा अजून जन्मला नाही,” देसाई म्हणायचे. “तिला फक्त उतरायला वाट द्यायची.”

हे ऐकलं त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. रोज डोक्यावरून जाणाऱ्या ढगात बर्फाचे डोंगर आहेत आणि ते एकमेकांवर घासतात, हे कळल्यावर भाकरी कशी उतरणार?

गिऱ्हाइकं मात्र जमिनीवरची होती. कुरुंदवाडकडच्या एका गावात पंच आडवे पडले, की देवाच्या कळसापेक्षा उंच काही चालणार नाही. देवाला कमीपणा येतो. बराच वाद झाला. शेवटी मी म्हटलं, कळस तांब्याचाच आहे, त्यालाच पट्टी जोडतो, म्हणजे वीज झेलायचा मान देवाचाच राहील. पंच खूश झाले. शास्त्राचंही काही बिघडलं नाही.

कसबा बावड्यातल्या एका गुऱ्हाळमालकाची तर गंमतच झाली. शेजारच्या घरावर वीज पडली म्हणून त्यानं हौसेनं आपल्या माडीवर सळई बसवून घेतली. पुढं त्याला वाटायला लागलं, की जमिनीत पुरलेलं तांबं फुकट कुजतंय. गड्यानं खड्डा उकरला, पत्रा काढला, पट्टीही गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडली आणि त्या तांब्याची झक्क कळशी करून घेतली. ती कळशी कल्हईला आली ती नेमकी आमच्या वडिलांच्या दुकानी. वडिलांनी ती फिरवून बघितली आणि मला हाक मारली. “ह्यो पत्रा तुझ्या हातचा हाय. ठोके बघ की.”

मी तसाच बावड्याला गेलो. “पावणं, अर्ध्यात वाट तोडलीसा,” म्हटलं. “आता वीज पट्टीवरनं गुडघ्यापतुर येणार आणि फुडं तुमच्या भिंतीत शिरणार.”

त्यानं थोडा विचार केला. “मग असं करूया की. वरचं बी काढूया. एक घागर हुईल.”

दाराआडून त्याची कारभारीण सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कळशी घेऊन आमच्या दुकानी आली आणि समोर उभी राहून तिनं ती ठोकून परत तिचा पत्रा करून घेतला.

पण ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट घाटावरची आहे. मलकापूरच्या पुढं, जिथं रत्नागिरीचा रस्ता कोकणात उतरतो, तिथं रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. खडक फोडायला सुरुंग लागायचे. सुरुंगाची दारू ठेवायला सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, गावापासून लांब एक दगडी कोठार बांधलं होतं. ते अजून रिकामं होतं. वर सळई बसल्याशिवाय आत दारू येणार नव्हती, आणि दारू आल्याशिवाय कामाला जोर येणार नव्हता. म्हणून देसाईसाहेबांबरोबर मला धाडलं.

तिथं कामगारांचा मुकादम होता ज्ञानू. उंचापुरा, आवाज असा की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायची. त्याची थोरली भावजय, हौसाक्का, सगळ्यांचा स्वयंपाक करायची. ज्ञानूची आई तो रांगता असताना गेली. हौसाक्का नवी नवरी म्हणून घरात आली तीच त्याला कडेवर घेऊन. पुढं तिचा नवराही गेला, मूलबाळ झालं नव्हतं. दोघं एकमेकांना धरून होती. एवढा दांडगा मुकादम, पण वैनीनं वाढल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही.

हौसाक्काही पायाळू होती. तिचं सगळ्यांना ठाऊक होतं. माझं कुणालाच नव्हतं. सळई लावणारा मिस्त्रीच पायाळू आहे म्हटल्यावर मला त्या शिडीवर कुणी चढू दिलं असतं का?

काम अडलं ते खड्ड्यापाशी. सड्यावर सगळा जांभा दगड, वैशाखात भाजून निघालेला. कुठंही खणलं तरी भट्टीतल्या विटेसारखा कोरडा. कोरड्या जमिनीत विजेची वाट संपते, आणि वाट संपलेली सळई म्हणजे घरी बोलावलेलं संकट. ज्ञानू म्हणाला, “वैनीला इचारू. पायाळू हाय ती, पाणी दावंल.”

हौसाक्का आली आणि कोठारापासून बऱ्याच अंतरावर, करवंदीच्या जाळीमागं जाऊन उभी राहिली. “हितं खणा.”

खणलं. हातभर खाली माती ओली, आणखी खाली हाताला गार चिखल. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती मला हळूच म्हणाली, “मिस्त्री, पायाळूपणाचं न्हवं हे. म्हसरं उन्हाची हितंच येऊन बसत्यात. पर ह्यास्नी सांगून पटत न्हाई.” मी हसलो. पट्टी तिथपर्यंत ओढली, पत्रा पुरला, कोळसा भरला. सळई पुरी झाली. त्या दिवशी देसाईसाहेब दारूच्या गाड्या आणायला मलकापूरला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ चढलं. सड्यावरून वळवाचं आभाळ बघणं वेगळं असतं. शहरात ढग छपरांच्या मागून येतो. तिथं तो पहिल्या वाफेपासून आपल्या समोर वाढतो. आधी कापसाच्या बोंडाएवढा होता. मग बघता बघता त्याला फुगवटे फुटायला लागले, एकातून एक, मुठी उघडाव्यात तसे. माथा इतका वर गेला की मान दुखली. माथा पांढराशुभ्र आणि पोट वांग्यासारखं काळंनिळं. वारा पडला. पाखरं गप्प झाली. मी तोंड उघडं टाकून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, परवरदिगार, हे सगळं नुसत्या वाफेचं आहे?

पहिला गडगडाट झाला तसा ज्ञानू उठला. त्यानं वैनीचं घोंगडं उचललं, झोपड्यांपासून लांब सड्यावर एकच एक जांभळीचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी नीट अंथरलं. परत येऊन तिच्या हातात विळा दिला. हातात लोखंड असलं तर वीज त्याच्यावर समाधान मानते, अशी समजूत. “वैनी, चला. आभाळ आलंया.” हौसाक्कानं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि निघाली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. तिला पोचवून परत आलेल्या ज्ञानूचे डोळे मात्र भरलेले होते.

मोकळ्या माळावर एकटं उंच झाड, त्याखाली माणूस आणि हातात लोखंड. वीज पडावी म्हणून कुणी मुद्दाम मांडामांड केली असती, तर याहून वेगळी केली नसती.

“ज्ञानू, झाडाखाली नको. त्यांना आत घे,” मी म्हटलं.

“मिस्त्री, तुमी तुमचं तांबं बगा. पायाळू माणूस आत ठेवलं तर आतच पडतीया. एवढी माणसं हायत हितं. मला का ती जड झालीया? माजी आई हाय ती.”

बाकीचेही कुरकुरायला लागले. एक म्हातारा गडी म्हणाला, “परक्या माणसानं ह्यात पडू नये.”

“मी परका नाही,” मी म्हटलं. “मीपण पायाळू आहे. इतके दिवस तुमच्यात जेवलो, तुमच्यात झोपलो. कुणाला काय झालं?”

वाटलं, पटलं. पण म्हातारा झटकन दोन पावलं मागं सरला आणि मग सगळेच सरले. “म्हंजे दोन दोन पायाळू!” कुणीतरी ओरडलं. “भायेर काढा दोघास्नी. जावा की तुमच्या त्या भाल्याखाली!”

भाला म्हणजे माझी सळई. ते म्हणाले ते शिवी म्हणून, पण सड्यावर सुरक्षित जागा तेवढी एकच होती. मी जांभळीकडं पळालो.

हौसाक्का कोठाराकडं बघून बिचकली. “त्या भाल्याखाली? मिस्त्री, त्यो तर विजेला बलावतोया. झाड बरं की.”

“बोलावतो आणि वाटेला लावतो, अक्का. वाट आपणच केली. खड्डा तुम्ही दाखवला.”

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. “तुमी सोता बसणार आत?”

“बसणार.”

“मग चला. पायाळूच्या हातची सळई हाय, बघू तरी.” विळा तिनं तिथंच टाकला.

खरं सांगतो, मी असल्या अनेक सळया लावल्या होत्या, पण वीज पडताना त्यांच्यातल्या एकीखालीही कधी बसलो नव्हतो. सुतारानं पाळणा करावा आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात आपलं मूल घालावं, तसं झालं. कोठाराच्या मधोमध, भिंतींपासून लांब, आम्ही पाय जवळ घेऊन बसलो. बाहेर गारा सुरू झाल्या. कौलांवर कुणी खडीची गाडी उलटी करावी असा आवाज. मग माझ्या हातावरचे केस उभे राहिले. हौसाक्काचे मोकळे केसही कपाळावरून उठले. वर सळईच्या टोकाशी चर्र आवाज व्हायला लागला, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तिनं माझा हात धरला. मला आईची मांडी आठवली.

आणि पडली.

त्याचं वर्णन मला आजवर कुणाला नीट करता आलेलं नाही. झरोक्यातून, दाराच्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून पांढरं आत आलं. उजेड म्हणावा तर उजेडात वस्तू दिसतात. इथं काहीच दिसेना. आवाज कानानं ऐकला नाही, बरगड्यांनी ऐकला. जमीन एकदा खालून हलली. मग गंधकासारखा, पण त्याहून तिखट वास आला आणि मला माझा श्वास ऐकू आला. एवढी ताकद, जी आभाळ फाडून आली, ती आमच्यापासून चार-पाच हातांवरून, मी कारखान्यात ठोकून सरळ केलेल्या पट्टीवरून, गुमान खाली उतरून गेली होती. आम्हाला तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी रडत होतो. भीतीनं नाही. एवढं मोठं काही आपल्या इतक्या जवळून गेलं, की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

“वैनी! वैनी!” गारांच्या माऱ्यातून ज्ञानू धावत आला. डोकं फुटून रक्त गालावर आलेलं. दार लोटून तो आत पडलाच.

“वराडू नगंस,” हौसाक्का म्हणाली. “जित्ती हाय. डोस्क्याला काय बांधलं का न्हाई?” आणि तिनं पदर फाडला.

पाऊस थांबल्यावर सगळे जमले. सळईचं टोक वितळून कथलाच्या थेंबासारखं गोळा झालं होतं. करवंदीमागच्या खड्ड्यातून वाफ निघत होती. जांभळीला काहीच झालं नव्हतं, गारांनी पानं झोडपली एवढंच. मला वाटलं होतं, आता तरी यांना पटेल. म्हातारा गडी झाडाकडं बघत शांतपणे म्हणाला, “बगा. झाड सोडलं, झोपड्या सोडल्या, आणि पायाळू जिथं बसलंतं तिथंच आली. खोटं हाय का?” त्या बाजूनं बघितलं तर त्याचा पुरावा माझ्यापेक्षा भक्कम होता. जन्मभर हे काम करून मला एक कळलं आहे. वीज सळईवरून उतरवता येते. समजूत उतरवायला तसलं तांबं अजून सापडायचं आहे. अजूनही कुठं कुठं पायाळू माणसाला झाडाखाली बसवतात असं कानावर येतं, आणि त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

वितळलेलं ते टोक मला हौसाक्काला द्यायचं होतं. पण कारखान्याचा माल कारखान्यात जमा झाला आणि कुठल्या तरी घागरीसाठी वितळून गेला.

दारूच्या गाड्या पावसानं मलकापुरात अडकल्या. वितळलेला भाग कापून मी सळई घासून पुन्हा अणकुचीदार केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत आभाळ परत चढायला लागलं, कालच्याच बाजूनं. गडगडाट झाला. झोपड्यांतले सगळे ज्ञानूकडं बघायला लागले. तो उठला. वैनीचं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला, जांभळीकडं तोंड करून.

मग तो वळला. कोठारात गेला, मधोमध घोंगडं अंथरलं आणि आधी स्वतः त्यावर बसला. “या, वैनी,” म्हणाला. एवढा मोठा गडी, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, डोळे गच्च मिटलेले. ती शेजारी जाऊन बसली. त्यानं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

“वैनी, पडंल काय?”

“पडंल की,” ती म्हणाली. “पडू दे. तिला बी खाली उतराय वाट पायजेच की.”

मी दारात उभा होतो. गारा वाजायला लागल्या तसं ज्ञानूनं एक डोळा उघडला आणि थोडा सरकला. घोंगड्यावर माझ्यापुरती जागा झाली.